रेष खांद्यातून ओढायची

बाबा, आज तुमच्याशी हातांबद्दल बोलायचंय. तुमच्या आणि तुमच्या नातीच्या. तिला तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. ती आता सहावीत आहे, इथे कार्ल्सरूहेतच जन्मली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. चेलो वाजवते, म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड म्हणा, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरायचं आणि गजाने वाजवायचं. आणि तिला दमा आहे. आपल्याकडे मूल जन्मलं की नाक आजोबांचं, हट्ट आजीचा असे वाटे पडतात, तसा दमा तुमच्या वाट्यातून आला असं आईने फोनवर ऐकताक्षणी जाहीर करून टाकलं. मला सोडून पुढे गेला म्हणे. मी नुसती मधे उभी होते, आणि मधे उभं राहणाऱ्या माणसाला दोन्हीकडचं उशिरा कळतं.

तुमचे हात संध्याकाळी थरथरायचे हे मला माहीत होतं. पण आपल्या चाळीतला नळ संध्याकाळी यायचा हेही मला माहीत होतं, आणि दोन्हींचं मला तेवढंच वाटायचं. तुम्ही पिंपरीच्या कारखान्यातून येता, पाय धुता, दम्याची गोळी घेता. थोड्या वेळाने बोटं कापायला लागतात. कपबशी तुम्ही कधी घेतलीच नाही, चहा स्टीलच्या पेल्यातून आणि तोही अर्धाच, म्हणजे हिंदकळायला नको. प्रगतिपुस्तकावर सही हवी असेल तर सकाळी मागायची, संध्याकाळी मिळत नसे. आणि गोळी घेतली की तुम्ही पाटावर बसून परात पुढे ओढायचात. कणीक रोज तुम्ही मळायचात. शेजारचे काका दारातून जाताना म्हणायचे, काय हो, वहिनींनी बरं कामाला जुंपलंय. तुम्ही हसून म्हणायचात, जुंपलं नाही हो, मीच गळ्यात मारून घेतलंय. मला शाळेतल्या मैत्रिणींसमोर याची जरा लाज वाटायची आणि जरा ऐटही. गोळी, थरथर आणि कणीक यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. इंजिनिअर झाले, जर्मनीत येऊन यंत्रांचे भाग डिझाइन करायला लागले, तरी आलं नाही.

मग तुमच्या शेवटच्या काही वर्षांतल्या त्या पांढऱ्या गोळ्या. दमा फार उसळला की डॉक्टर द्यायचे, आणि मग तो सारखाच उसळायला लागला. तुम्हाला भूक लागायची, अगदी वखवखल्यासारखी, आणि आणखी पोळी मागताना तुम्ही ओशाळायचात. झोप उडायची. एरवी आवाज न चढवणारा माणूस रेडिओ मोठा लावला म्हणून कडाडायचा आणि मग गॅलरीत जाऊन उभा राहायचा. आणि चेहरा गोल व्हायला लागला. गाल भरले, मान भरली. आत्याच्या मुलीच्या लग्नात सगळे नातेवाईक एकामागून एक येऊन सांगत होते, वा, तब्येत सुधारली हो तुमची, अगदी तजेला आलाय. आई इतकी खूश झाली की घरी आल्यावर तिने मीठमोहऱ्या घेऊन तुमची दृष्ट काढली. बाबा, औषधाच्या दुष्परिणामाची दृष्ट काढणारं आपलंच एक घर असेल. तुम्ही पाटावर गप्प बसून राहिलात, तिने मीठ चुलीत टाकेपर्यंत. त्या लग्नातलाच फोटो पुढे मोठा करून भिंतीवर लावला, कारण त्यात तुम्ही सगळ्यात ठणठणीत दिसता. त्याची प्रत माझ्याबरोबर इथे आली. आमच्या जेवणाच्या टेबलासमोर तीच आहे.

तर तुमची नात. तिला दोन स्प्रे आहेत. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ, त्यात थोडं कॉर्टिझोन, म्हणजे स्टेरॉइड, असतं, छाती शांत ठेवायला. दुसरा निळा, छाती आवळली तरच. दोन्ही एका प्लास्टिकच्या नळकांड्यातून ओढायचे, म्हणजे औषध घशात न बसता खाली फुप्फुसात जातं. रोजच्या स्प्रेनंतर चूळ भरायची, नाहीतर आवाज बसतो आणि तोंडात पांढरं येतं. चूळ भरण्यात आपल्या घराण्याचा हात कोण धरणार, ते तिला शिकवावं लागलं नाही. पण या वसंतात बर्चच्या झाडांना फुलोरा आला, त्यांचे परागकण हवेत उडायला लागले आणि निळ्या स्प्रेचा वापर वाढत गेला. खेळाच्या तासाआधी, जिना चढल्यावर, मग चेलोच्या शिकवणीला जायच्या आधीही. आणि निळा घेतला की तिचे हात कापायचे. लहान माणसाचे बारीक हात, त्यात तो लांब गज. तुम्ही चेलो ऐकला नाहीत म्हणून सांगते, लांब सूर धरताना हात कापला की सूरही कापतो, लपवायला जागाच नाही. एकदा ती मधेच थांबली, गज मांडीवर ठेवला आणि आपल्या बोटांकडे बघत बसली. ते बघणं मी ओळखलं. अर्धा पेला हातात घेऊन तुम्ही असेच बघायचात.

आम्हाला वाटलं दमा वाढलाय. तिच्या बाबांनी सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं मुलांच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. उंच, किडकिडीत, मोजकं बोलणारी बाई. तिने लेकीला यंत्रात फुंकायला लावलं, आकडे बघितले, आणि आमच्याकडे न बघता थेट तिलाच विचारलं की रोजचा स्प्रे घेतेस का. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईने हात वर केला. लेक बुटांकडे बघत म्हणाली, नाही. कधीपासून? बरेच दिवस. दार लावून फुसफुस आवाज करायची म्हणे, आणि चूळ मात्र अगदी खळखळून भरायची, मला ऐकू जावं म्हणून. का, असं बाईने विचारलं, तेव्हा ती जर्मनमध्ये जे म्हणाली ते मी मराठीत सांगते, "मला ओपासारखं दिसायचं नाहीये."

ओपा म्हणजे जर्मनमध्ये आजोबा, म्हणजे तुम्ही. झालं होतं असं की आईने व्हिडिओ कॉलवर नेहमीसारखं काळजीने सांगितलं होतं, जपून घे गं बाळा ते, तुझ्या आजोबांचा चेहरा त्या औषधांनीच असा फुगला होता. म्हणजे आईला माहीत होतं. दृष्ट काढली तेव्हा नसेल, पण पुढे कधीतरी कळलं असणार. आणि तरी फोटो तोच ठेवला तिने. लेक रोज जेवताना समोर तुमचा तो फोटो बघत होती, आणि आम्ही तिला म्हणत होतो, बघ, आजोबा किती छान दिसतात. मला त्या खोलीत एकाच वेळी हसू आणि रडू आलं, काही खरं नाही बघा माझं. बाईने विचारलं ओपा कोण. मी फोनवरचा तुमचा फोटो पुढे केला. तिने तो बोटांनी मोठा केला. मग म्हणाली, यांनी खूप कॉर्टिझोन घेतलंय, गोळ्यांतून आणि वर्षानुवर्षं. शिवाय त्या काळच्या दम्याच्या गोळ्या असतील तर हातही चांगलेच कापत असणार. काय काम करायचे? मी म्हटलं, ड्राफ्ट्समन. यंत्रांची ड्रॉइंग्ज, ट्रेसिंग पेपरवर, शाईने. तिने चष्मा काढला.

"हाताने?" तिने विचारलं.

"हाताने," मी म्हटलं.

तिने फोन दोन्ही हातांनी मला परत दिला. बाबा, इतक्या वर्षांत माझ्यासमोर त्या फोटोकडे बघून तब्येत छान आहे असं न म्हणणारं ते पहिलं माणूस. आणि तिने चष्मा काढला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की गोळी तुम्ही कामावरून आल्यावर का घ्यायचात. दिवसभर छाती आवळलेली ठेवायचात, रेष सरळ यावी म्हणून. आणि संध्याकाळी हात कामाचे उरायचे नाहीत तेव्हा त्यांना कणकेत घालायचात, कारण कणकेला थरथर चालते. उलट बरीच मळली जाते. तुम्ही सबंध दिवसाची मांडणी औषधाभोवती करून ठेवली होती आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. मी रोज मशीनच्या भागांमध्ये जागा कशी काढायची हेच करते, पण अशी मांडणी मला आयुष्यात जमणार नाही. मी थक्क झाले.

बाईने लेकीला सगळं नीट सांगितलं. रोजच्या स्प्रेतलं औषध अगदी थोडं असतं, ते छातीतच काम करतं, त्याने चेहरा असा होत नाही. तो घेतला नाहीस म्हणून निळा जास्त लागला, आणि हात कापतात ते निळ्याने. काही तासांत थांबतात. कुठलाही त्रास झाला, आवाज बसला, चिडचिड झाली, हात कापले, तर मला फोन करायचा, आपण औषध बदलू, मात्रा बदलू, पण आपल्या मनाने बंद करायचं नाही. आणि दिवसभर छाती आवळून बसायचं तर मुळीच नाही, तुझ्या आजोबांना दुसरी वाट नव्हती, तुला आहे. लेक गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मान हलवत होती, पण पटलं होतं की नाही देव जाणे. घरी आल्यापासून रोजचा स्प्रे ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर घ्यायला लागली. हळूहळू निळा दप्तराच्या तळाशी गेला. ती बरी होत होती. पण तिला अजून वाटत होतं की निळा म्हणजे चेलोचा शत्रू.

आणि मग तिचं फोरश्पील आलं. वर्षातून एकदा म्युझिकशूलमधली मुलं आईबापांसमोर वाजवतात, ते. छोटा हॉल, बाहेर कॉरिडॉर, खिडक्या उघड्या आणि खिडकीबाहेर नेमकं बर्चचं झाड. तिची पाळी यायला थोडाच वेळ होता आणि मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकला. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन, त्याच्या शेजारच्या खोलीत वाढलेय मी. तिचे खांदे वर चढले होते. मी निळा स्प्रे पुढे केला. तिने मान हलवली. नंतर, वाजवून झाल्यावर. मी म्हटलं, आत्ता. ती म्हणाली, आत्ता घेतला तर हात. तिचे डोळे भरले होते, ओठ पांढरे पडत होते आणि हात पाठीमागे बांधलेले, मी जबरदस्तीने देईन म्हणून. आई म्हणून दोन धपाटे घालावेत असं वाटलं. दुसरीकडे कळतही होतं, की ही तुमचीच नात आहे, छाती आवळून रेष सांभाळणारी. तुमचं ते करणं मी नुकतंच डोक्यावर घेतलं होतं. तेच आता माझ्यासमोर माझ्या मुलीने करायला घेतलं होतं.

आणि मला तो शनिवार आठवला. आई मामाकडे गेलेली, माझी शाळा अर्धा दिवस, म्हणून तुम्ही मला ड्रॉइंग ऑफिसात घेऊन गेलात. मी साधारण हिच्याच वयाची. मोठाले तिरके बोर्ड, उंच स्टुलं, आणि शेजारच्या खोलीत प्रिंट काढायच्या मशीनचा अमोनियाचा वास, डोळ्यांत पाणी आणणारा. त्या वासात तुम्ही रोज कसे बसायचात बाबा. त्या दिवशी तुमचा श्वास घुसमटला. साहेब शेजारी ड्रॉइंगसाठी थांबलेले. तुम्ही खिशातून गोळी काढलीत, कामाच्या मधे, मी तरी पहिल्यांदाच बघत होते, पाणी प्यायलात आणि खिडकीशी जाऊन उभे राहिलात. साहेब म्हणाले, राहू द्या, सोमवारी बघू. तुम्ही म्हणालात, होतंय साहेब. परत आलात तेव्हा बोटं कापत होती. तुम्ही कोपरापासून सगळा हात बोर्डावर टेकवलात, पेन धरलंत आणि रेष ओढलीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती हलली नाही. मी विचारलं, हात हलतोय तर रेष का नाही हलत?

"बोटांना विचारायचंच नाही," तुम्ही म्हणालात. "रेष खांद्यातून ओढायची, श्वास सोडता सोडता. माझा श्वास सुटायला वेळ लागतो, तेवढी लांब रेष मिळते."

तेव्हा मला ती गंमत वाटली होती. कॉरिडॉरमध्ये लेकीसमोर गुडघ्यांवर बसून मी तिला तो शनिवार सांगितला, घाईघाईत, अर्धा मराठीत, अर्धा मोडक्या जर्मनमध्ये. सांगितलं की ओपांनीसुद्धा त्या दिवशी आधी गोळी घेतली, मग रेष ओढली. कापत्या हातानेच ओढली. मग पाठीमागचे हात पुढे आले. नळकांडं तोंडाला लावलं, ओढलं, श्वास धरला, सोडला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं पुन्हा एकदा. तिच्या शिक्षकांना मी दारातूनच खूण केली, त्यांनी बासरीवाल्या मुलीला आधी पाठवलं. तेवढ्या वेळात तिचे खांदे उतरले, आवाज थांबला, आणि हात सुरू झाले. मी म्हटलं, कणीक असती तर मळायला दिली असती. माझा दंड दिला. तिने तो जोर लावून मळला, बाबा, पुढे आठवडाभर काळानिळा होता.

ती वाजवायला बसली. पहिला लांब सूर कापला. सगळ्यांना ऐकू गेला, पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मान वर केली. लेकीने डोळे मिटले, आणि मला तिचा खांदा खाली येताना दिसला, सगळा दंड पाठीपासून सुटा झाल्यासारखा, आणि पुढचा सूर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मधे कुठेतरी पुन्हा जरासा हलला, तिने तो हलू दिला आणि पुढे गेली. मी संगीतातली जाणकार नाही. पण त्या सुरात तुम्ही कोपर टेकवून बसला होतात हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. मी तोंडावर हात धरून बसले होते. नवरा कानात म्हणाला, अगं श्वास घे.

ट्राममधून घरी येताना तिने विचारलं, ऐकू आलं ना? मी म्हटलं, आलं. ती म्हणाली, एगाल. म्हणजे फरक पडत नाही. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, आजोबांचं कधीच कुणाला कळलं नाही? ओपा नाही म्हणाली, आजोबा म्हणाली. मी म्हटलं, नाही, तेव्हा कुणालाच नाही, आम्हाला वाटायचं तब्येत सुधारलीये. घरी आल्यावर ती तुमच्या फोटोसमोर थोडा वेळ उभी राहिली. तो काढून दुसरा लावू का असं मी विचारलं तर नको म्हणाली, जर्मनमध्येच, पण ठामपणे. आता आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना तीच सांगते की हे माझे आजोबा, हा चेहरा औषधाचा आहे, आणि या माणसाने कापत्या हाताने सरळ रेषा काढल्या. पाहुणे मग काय बोलावं ते न कळून पोह्यांचं कौतुक करतात.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडायला नको. फोरश्पीलनंतरच्या रविवारी दुपारी नवरा आणि लेक नदीवर सायकली घेऊन गेले होते. दुसऱ्याचं औषध घेऊ नये हे तिला बजावणारी मीच, आणि मीच बाथरूममध्ये जाऊन तिचा निळा स्प्रे ओढला. बघायचं होतं. थोड्या वेळात छाती धडधडायला लागली आणि बोटांची टोकं कापायला लागली, फार नाही, तुमच्या त्या गोळ्यांपुढे काहीच नसेल. मग टेबलावर मोठा कागद पसरला, पेन घेतलं, कोपर टेकवलं, बोटांना काही विचारलं नाही, आणि खांद्यातून रेष ओढायला घेतली. माझ्या रेषा रोज कॉम्प्युटर काढतो, तरी ही बऱ्यापैकी चालली होती. पण माझा श्वास चटकन सुटतो बाबा, निरोगी आहे. कागद अर्धा झाला तेव्हाच तो संपला, आणि रेष तिथे वाकडी झाली. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही. कागद घडी करून टाकून दिला, परात काढली आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशी पोळ्या फार झाल्या.